पेशीपटल अकरा मिनिटांत

एका जंगलात एक तळं होतं, आणि त्या तळ्यात अडाणी असं कुणी उरलं नव्हतं.

पूर्वी होते, मुलांनो. पूर्वी तळ्याकाठी खेकडीणबाईंची शाळा होती. तेव्हा बरेच जण अडाणी होते, आणि आपण अडाणी आहोत हे त्यांना ठाऊकही होतं. म्हणून तर ते शाळेत जात.

खेकडीणबाईंचं शिकवणं सरळ नव्हतं. त्या मुद्द्याकडे आडव्या चालीनं येत. एकदा त्यांना पेशीपटल शिकवायचं होतं. पेशी म्हणजे ज्या बारक्या बारक्या खोल्यांनी आपलं अंग बनलेलं असतं, त्यातली एकेक खोली. आणि पेशीपटल म्हणजे त्या खोलीभोवतीची पातळशी भिंत. दुसऱ्या कुणी एवढं सांगून फळा पुसला असता. बाईंनी एक वाळकं बोर आणलं आणि गोड्या पाण्याच्या शिंपल्यात टाकलं.

"आता बघत बसा," त्या म्हणाल्या.

"किती वेळ?" फुगेशनं विचारलं. फुगेश म्हणजे बेडकीणकाकूंचा थोरला मुलगा. हुशार होता, असं तो स्वतः सांगे.

"बोराला लागेल तेवढा."

बोराला दुपारपर्यंतचा वेळ लागला. ते टम्म फुगलं. मग बाईंनी तेच बोर खारट मातीच्या पाण्यात टाकलं. उन्हं कलेपर्यंत त्याचं तोंड पुन्हा म्हातारीसारखं झालं.

"पाणी कुठून कुठं गेलं, आणि का?" बाईंनी विचारलं. उत्तर काही सांगितलं नाही. विचार करून या, म्हणाल्या.

मंदाकिनी नावाची एक गोगलगाय होती. तिनं तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, ती भिंत पाण्याला जाऊ देते, पण मिठाला अडवते. म्हणून जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. बरोबर?"

"हं," खेकडीणबाई म्हणाल्या. मुलांनो, खेकडीणबाईंनी 'हं' म्हणणं म्हणजे पहिला नंबर.

फुगेश हे ऐकायला नव्हता. एका बोरासाठी अख्खा दिवस घालवणाऱ्या शाळेत आपल्या बुद्धीला गंज चढतोय, असं आईला सांगून त्यानं दुसऱ्याच दिवशी शाळा सोडली होती.

त्याच सुमारास जंगलात भृंगराज सर उगवले.

भृंगराज हा एक काळा पक्षी. शेपटीला दोन लांब तुरे. स्वतःचा असा आवाज त्याला फारसा नाही, पण दुसऱ्या कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढतो. थोडक्यात, शिकवण्यासाठी लागणारे सगळे गुण त्याच्यात होते. त्यानं व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

आता तुम्ही विचाराल, जंगलात मोबाइल कुठून आले? बाळांनो, जंगलात माणसं सहलीला येतात. अक्कल ती घरी विसरून येतात आणि मोबाइल जंगलात विसरून जातात.

भृंगराज सरांचा 'पेशीपटल अकरा मिनिटांत' हा पाठ तुफान चालला. पहिली तीन मिनिटं सर नमस्कार करत, लाइक करा म्हणत, घंटी दाबा म्हणत. शेवटची दोन मिनिटं पुढच्या पाठाची जाहिरात असे. मधल्या सहा मिनिटांत सर कोकिळेच्या आवाजात व्याख्या गात, मोराच्या आवाजात उदाहरण देत आणि माकडाच्या आवाजात विनोद करत. मागे ढोल वाजे. रंगीत गोळे नाचत पेशीच्या आत शिरत आणि नाचत बाहेर येत. कुणालाच काही अडत नसे.

"कसं एकदम डोक्यात शिरतं!" तळ्यातले मासे म्हणत. शिरत असेलही. बाहेर पडायलाही तिथं अडवणारं कुणी नव्हतं.

फुगेशनं या मालेतले चाळीसच्या चाळीस पाठ पाहिले. दुप्पट वेगानं पाहिले. जिथं सर जरा गंभीर होऊन काही समजावू लागत, तिथं तो बोटानं पुढे सरकवी. पोहता पोहता पाही, जेवता जेवता पाही. एकदा तर पाहता पाहता झोपला, आणि उठल्यावर तोही पाठ पूर्ण झाल्याची हिरवी खूण मोबाइलवर आली होती.

खेकडीणबाईंची शाळा ओस पडली. एकटी मंदाकिनी येत राहिली. तिनंही व्हिडिओ पाहून बघितले होते, पण सगळ्यात कमी वेगावर लावूनसुद्धा ते तिला फार भरभर वाटले.

माला संपली तेव्हा सरांनी परीक्षा घेतली. वीस प्रश्न, वीस मिनिटं, चारांतला एक पर्याय निवडा. फुगेशला एकोणीस मार्क मिळाले. मंदाकिनीचे वीस मिनिटांत सहाच प्रश्न सोडवून झाले. सहाही बरोबर होते, पण सहा म्हणजे नापास. फुगेशला सागाच्या पानावर छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. 'पेशीपटलतज्ज्ञ' असं त्यावर लिहिलं होतं. त्यानं ते कमळाच्या देठाला बांधलं आणि शेजारी बसून राहिला, म्हणजे येणारा-जाणारा कोण तज्ज्ञ आहे याबद्दल गोंधळायला नको.

मग तळ्यात रोग आला.

बेडकांची शेपटीवाली पिलं होती, त्यांच्या शेपटांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढू लागली. पिलं मलूल झाली. दोन-चार तळाशी जाऊन पडली, ती वर आलीच नाहीत. आयांनी वाघमहाराजांकडे गाऱ्हाणं नेलं. महाराजांनी जलवैद्य नेमायचं ठरवलं आणि फुगेशला मुलाखतीला बोलावलं.

"पेशीपटल म्हणजे काय?" महाराजांनी कागदावरचा प्रश्न वाचला.

"पेशीभोवतीचं निवडक्षम पारपटल, महाराज! ते काही पदार्थांना आत सोडतं आणि काहींना अडवतं!" फुगेशनं कोकिळेच्या चालीत म्हणून दाखवलं.

महाराजांना चाल आवडली. "म्हणजे आमच्या गुहेच्या दाराशी तरस बसतो, तसं?"

"अगदी तस्संच, महाराज! इतकं सोपं करून तर आमच्या सरांनाही सांगता आलं नसतं."

नेमणूक झाली. खेकडीणबाईंनाही मुलाखतीला बोलावलं होतं. पण त्या आडव्या चालत येत होत्या, त्यामुळे पोहोचेपर्यंत निकाल लागला होता.

फुगेशनं उपाय शोधायला वेळ लावला नाही. विसाव्या पाठात सरांनी सांगितलं होतं की मिठानं बुरशी मरते, कारण परासरण. बुरशीच्या पेशीतलं पाणी मीठ बाहेर ओढून घेतं आणि पेशी सुकून जाते. त्यावर माकडाच्या आवाजात एक विनोदही होता, तो फुगेशला तोंडपाठ होता. विनोदानंतर सर आणखी एक वाक्य बोलले होते, पण तोवर त्याच्या बोटानं व्हिडिओ पुढे सरकवला होता.

टेकडीमागे खारट मातीची चाटण होती. गवे तिथं मीठ चाटायला जात. फुगेशनं गव्यांना हुकूम दिला, "परवा सकाळी सगळी खारट माती खणून तळ्यात ओता."

मंदाकिनीनं हे ऐकलं आणि ती लगोलग निघाली. लगोलग म्हणजे तिच्या मानानं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फुगेशच्या कमळपानाशी पोहोचली.

"फुगेश, मीठ टाकू नकोस."

"का बरं? परासरणाचा अभ्यास आहे का तुझा?"

"बुरशीच्या पेशींना भिंत आहे. मग पिलांच्या पेशींना नाही का? तुझ्या? माझ्या? मिठाला काय कळणार, कुणाच्या अंगातलं पाणी ओढायचं ते?"

एक क्षण, मुलांनो, फुगेशच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्या क्षणी त्यानं मोबाइल खाली ठेवला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही सगळे खेळायला गेला असतात.

पण त्यानं विचारलं, "तुला मार्क किती होते गं?"

"सहा."

"मला एकोणीस," तो म्हणाला, आणि झाला विचार करून.

मंदाकिनी तिथून बेडकीणकाकूंकडे गेली. काकूंची या खेपेची पिलं तळ्यातच होती. फुगेशची धाकटी भावंडं. मंदाकिनीनं त्यांना भिंत, पाणी, मीठ सगळं सांगितलं.

"मला बाई ते परासरण का फिरासरण कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण लहानपणी एकदा मी त्या चाटणीवर बसले होते. जीव शोषल्यासारखं झालं होतं. आठ दिवस कातडी भाजत होती." मग म्हणाल्या, "फुगेशला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"माझे मार्क विचारले." काकू पळसाची पानं गोळा करायला उठल्या.

खेकडीणबाईंच्या घराजवळ खडकात एक लहानसा डोह होता. ओढ्याचं ताजं पाणी त्यात झिरपत असे. काकू आणि बाई पळसाच्या पानांच्या द्रोणांतून एकेक पिलू तिकडे नेऊ लागल्या. मंदाकिनी काठावर बसून त्यांना पिलं कुठं लपली आहेत ते दाखवी. बाकीच्या आयांनाही त्यांनी हाका मारल्या.

"आमच्याकडे आता तज्ज्ञ आहे," एक जण म्हणाली. "तुमचाच मुलगा ना काकू? आणि तुम्हीच विश्वास ठेवत नाही? कमाल आहे!"

अंधार पडेपर्यंत काकूंची निम्मी पिलं हलवून झाली. उरलेली उद्या पहाटे न्यायची ठरली.

पण गवे पहाटेच आले. कामसू जात.

त्यांनी खारट माती ढिगाऱ्यांनी ओतली. फुगेश एका दगडावर उभा राहून भाषण करत होता. भृंगराज सर फांदीवर बसून ते टिपत होते. "आज आपल्या तळ्यात विज्ञानाचं..." इथवर तो आला आणि दगडावर उसळलेलं पाणी त्याच्या पायांना लागलं. त्याला चुरचुरलं. पुढच्या उडीत तो काठावर होता आणि त्याच्या पुढच्या उडीत गवतात. भाषण त्यानं तिथून पूर्ण केलं.

पिलांना उड्या मारता येत नव्हत्या. त्यांना पायच फुटले नव्हते.

आधी ती सैरावैरा पळाली. मग त्यांची अंगं आक्रसू लागली. मग ती एकेक करून पोट वर करून तरंगू लागली. लहान मासे पाण्याबाहेर तोंडं काढून हवा गिळू लागले. आया ओरडत काठाला धावल्या. बेडकीणकाकू मात्र ओरडल्या नाहीत. अंग जळत असताना त्या तशाच खारट पाण्यात शिरल्या आणि हाताला येईल ते पिलू तोंडात धरून बाहेर आणू लागल्या.

ओढा आणि तळं यांच्या मधे मातीचा बांध होता. खेकडीणबाईंनी तो खणायला घेतला. नांगी मोडेस्तोवर खणला. बांध फुटला, ओढ्याचं गोडं पाणी तळ्यात घुसलं आणि खारट पाणी पलीकडून वाहून गेलं. जे जगले, ते त्यामुळे. पण तोवर तळ्यातली निम्म्याहून जास्त पिलं गेली होती.

वाघमहाराजांनी चौकशी बसवली.

फुगेशनं अहवाल दिला. 'बुरशी शंभर टक्के नष्ट झाली आहे. मेलेल्या एकाही पिलाच्या शेपटीवर ती आढळली नाही.' अहवालात एकही गोष्ट खोटी नव्हती. महाराज खूश झाले.

खेकडीणबाईंवर विनापरवाना बांध फोडल्याचा ठपका आला आणि त्यांची शाळा अधिकृतपणे बंद झाली. मंदाकिनीला 'नापास असताना सल्ला दिल्याबद्दल' ताकीद मिळाली. भृंगराज सरांनी आठवडाभरात नवा पाठ काढला: 'तळ्यात मीठ का टाकू नये, नऊ मिनिटांत'. त्यात फुगेश खास पाहुणा होता. त्यानं आपला अनुभव सांगितला, सर घुबडाच्या आवाजात हळहळले, आणि तो पाठ आधीच्या सगळ्या पाठांपेक्षा जास्त चालला. पुढे महाराजांनी फुगेशला जंगलातल्या सर्व तळ्यांचा मुख्य जलवैद्य केलं. अनुभवी माणूस हवाच होता.

बेडकीणकाकू तळ्यात परतल्या नाहीत. वाचलेली पिलं घेऊन त्या खडकातल्या डोहात राहिल्या. त्यांच्या पाठीची कातडी गेली ती गेलीच.

एके दिवशी फुगेश त्यांना भेटायला आला. गळ्यात मुख्य जलवैद्याचं पदक होतं. डोहात पोहणाऱ्या भावंडांकडे त्यानं पाहिलं, ती किती आहेत ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला वाटलं, आईला समजावून सांगायला हवं.

"आई," तो काठावर बसून म्हणाला, "तू फार मनाला लावून घेऊ नकोस. बाकीची पिलं गेली, त्याचं कारण अगदी साधं आहे. ते परासरण होतं."

काकूंनी वर पाहिलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तू होतास."

फुगेशला हे वाक्य नीटसं कळलं नाही. ते पुढे सरकवायला त्यानं बोट उचललं, पण आई काही मोबाइलमध्ये नव्हती. मग दुसऱ्या तळ्याच्या पाहणीला उशीर होतोय म्हणून निघून गेला.

तात्पर्य: अर्धवट ज्ञान घातक असतं, असं तुम्हाला लहानपणापासून सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण ते ज्याच्याजवळ असतं, त्याला ते घातक नसतं. तेव्हा मुलांनो, घातपात होणारच असेल तर आपण ज्ञानाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे आधी पाहावं, आणि पाठ पटापट उरकावेत.