पिंपातली मोटरसायकल

लोखंड म्हातारं होत नाही, ते फक्त रुसतं. त्याची समजूत घालता आली पाहिजे, असं स्तोयमेन द्रागोएव तळघरात उभा राहून, एक हात छातीवर ठेवून म्हणाला. दुसऱ्या हातात मोटरसायकलचा हेडलाइट होता. वाक्य संपतं न संपतं तोच त्या हेडलाइटचा मागचा अर्धा भाग गळून त्याच्या चपलेवर पडला.

"पटली वाटतं समजूत," त्याची बायको त्सोन्का म्हणाली.

मोटरसायकल 'बाल्कन' होती, अडीचशे सीसीची, १९६३ सालची. लोव्हेच गावातल्या त्यांच्या आठ मजली इमारतीच्या तळघरात ती तीस वर्षं एका घोंगडीखाली पडून होती. त्सोन्काला आता ती जागा लोणच्यांच्या बरण्यांसाठी हवी होती.

"नव्या वर्षात भंगारवाल्याला बोलावलंय," ती म्हणाली. "तोवर ती मोटरसायकलसारखी दिसली तर राहील. नाही तर जाईल."

"मोटरसायकलसारखी म्हणजे कशी?"

"म्हणजे बघणाऱ्याने 'हे काय आहे?' असं विचारता कामा नये."

स्तोयमेनने दोन संध्याकाळी पॉलिश पेपर घासला. गंज तसूभर हलला नाही, पण स्तोयमेन मात्र विटेच्या भट्टीतून आल्यासारखा लाल शिंका देऊ लागला. तेव्हा त्याला कारखाना आठवला. बावीस वर्षं त्याने तिथे लेथ चालवलं होतं. दर वसंतात कँटीनमधला आंबवलेला कोबी संपला की खाली उरलेलं आंबट पाणी गान्चो फोरमन बादल्यांनी घेऊन यायचा आणि गंजके बोल्ट त्यात बुडवायचा. आठ दिवसांनी ते बोल्ट असे बाहेर यायचे की जणू लग्नाला निघालेत! त्या पाण्याचा वास, गान्चोच्या शिव्या, दुपारच्या भोंग्यानंतर उन्हात बसून खाल्लेला पाव... आता गान्चो नव्हता, कारखाना नव्हता. पण कोबी तर होता!

अडचण एकच. वसंत लांब होता आणि भंगारवाला जवळ. म्हणजे पाणी स्वतःच तयार करायला हवं. त्याने जेवताना जाहीर केलं, "यंदा एक पिंप कोबी मी घालणार."

त्सोन्काने चमचा खाली ठेवला. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने कोबीचे गड्डे वाहून आणले होते, सांगितल्यावर पिंपाचं पाणी खालीवर केलं होतं, पण मिठाला हात लावला नव्हता. त्सोन्काच्या कोबीचं इमारतीत नाव होतं. कुणाच्या सुनेला डोहाळे लागले की वाटी घेऊन माणूस तिच्याच दारात यायचा.

"तू?"

"मी."

"मीठ किती घालतात, माहीत आहे?"

"लोखंडाच्या... म्हणजे कोबीच्या वजनावर असतं ते."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्याने पिंप भरलं. तळाशी साबणाने तीनदा धुतलेलं पुढचं मडगार्ड, साखळी, किक, पाय ठेवायचे दांडे आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याने धरायचा वाकडा लोखंडी दांडा. त्यावर बारा कोबी. त्यावर दगड. वरून पाहिलं तर जगातलं सर्वात निष्पाप पिंप!

पण कोबीचं पाणी दर तीन दिवसांनी खालच्या तोटीतून काढून वरून ओतावं लागतं. आणि तळघरात तोटी उघडी दिसली की चव न घेता पुढे जाणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा आहे. तळमजल्यावरचे मिन्चोभाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर, आपला राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, बुधला न्यायला आले आणि स्तोयमेन 'अहो, अहो' म्हणेपर्यंत ओंजळ भरून प्यालेसुद्धा.

त्यांनी डोळे मिटले. स्तोयमेनने श्वास रोखला.

"अरे!" मिन्चोभाऊ हळूच म्हणाले. "माझ्या आजोळच्या विहिरीची चव आहे ही!"

डिसेंबरात संत निकोलाचा सण आला. त्या दिवशी या नावाच्या प्रत्येकाच्या घरी मेजवानी असते, आणि इमारतीत चार निकोला आणि दोन निकोलीना. सहाही घरी मासा, सहाही घरी राकिया. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणकणारी डोकी धरून आणि उतारा म्हणून कोबीचं पाणी न्यायला रिकाम्या बरण्या घेऊन अख्खी इमारत तळघरात उतरली. दरवर्षी रांग त्सोन्काच्या पिंपासमोर लागायची. यंदा मिन्चोभाऊंनी आधीच प्रचार केलेला! रांग सरळ शेजारच्या पिंपाकडे वळली.

"अजून मुरलं नाहीये!" स्तोयमेन तोटीसमोर आडवा झाला.

"विनय बघा याचा!"

"खरंच सांगतो, पोट बिघडेल!"

"लपवतोय! घरच्यासाठी ठेवतोय!"

जितका तो परावृत्त करी, तितकी बरणी मोठी होई. चौथ्या मजल्यावरच्या गीनामावशींनी दोन बरण्या भरल्या आणि लिफ्टमध्ये त्सोन्काला गाठलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हो, पण हात तुझ्या नवऱ्याचा. इतकी वर्षं त्याला उगाच कशाला दाबून ठेवलंस?"

त्सोन्का भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. त्या दिवसापासून ती सूप पुढे ठेवून विचारू लागली, "मीठ बरोबर आहे ना? तुला त्यातलं कळतं, म्हणून विचारलं."

खरं सांगावं तर मोटरसायकल जाणार आणि आपण काय प्यालो ते इमारतीला कळणार. न सांगावं तर अडतीस वर्षांचं बायकोचं नाव जाणार, तेही गंजाच्या पाण्यापुढे. त्याने चार दिवस गप्प राहून काढले. लोखंडही एवढा दाब सोसत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तो तळघरात आला तेव्हा त्सोन्का आपल्या पिंपापाशी एकटीच बसली होती. वाटीत पाणी घेऊन चाखत होती, पुन्हा चाखत होती. मागे मिन्चोभाऊ त्याच्या पिंपातून बरणी भरत होते, पण ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"काही तरी चुकतंय माझं," ती म्हणाली. "जीभ म्हातारी झाली बहुतेक. हे ओतून देते. तुझ्या पिंपातलंच काढून दे मला."

आणि तिने तोटीखाली बादली न ठेवताच तोटीला हात घातला.

"त्सोन्के, थांब!" स्तोयमेन ओरडला. "माझ्या पिंपात मोटरसायकल आहे!"

मिन्चोभाऊंच्या बरणीत एक थेंब पडल्याचं ऐकू आलं.

मग त्याने बाह्या सरसावल्या, बाराही कोबी बाहेर काढले आणि एकेक भाग फरशीवर मांडला. साखळी. किक. दांडे. शेवटी मडगार्ड. त्यातला गंज पूर्ण निघाला होता, आणि गंजाबरोबर बरंचसं मडगार्डही निघून गेलं होतं. उरलं होतं ते पडद्याच्या लेससारखं. त्याच्या आरपार मिन्चोभाऊ दिसत होते.

"हे मी प्यालो?" मिन्चोभाऊंनी विचारलं.

"तीन आठवडे."

त्यांनी बरणीकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि विचार केला. "पुढच्या वर्षी सायलेन्सर टाकून बघ."

त्सोन्का मात्र वाकून तो वाकडा दांडा उचलत होती. तो जाड होता, म्हणून तगला होता. वर राखाडी चमक आली होती. तिने तो पदरासारख्या पुढे आलेल्या एप्रनने पुसला.

"सोझोपोल," ती म्हणाली.

"एकोणऐंशीचा ऑगस्ट!" स्तोयमेनचा जीव भांड्यात पडला. "तू आईला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं होतंस. कार्नोबातजवळ पाऊस लागला, पुलाखाली बसून आपण टोमॅटो खाल्ले. आणि सोझोपोलच्या समुद्रापर्यंत तू मला कसं घट्ट धरलं होतंस! अजून कंबरेला जाणवतं."

"तुला?" त्सोन्का त्याच्याकडे बघतच राहिली. "वेडा आहेस का? वळणावर तूच पडशील अशी धास्ती होती मला. पडणाऱ्याला धरून काय उपयोग? मी याला धरलं होतं."

तिने दांड्याभोवती बोटं आवळली. बोटं बरोब्बर बसली.

मिन्चोभाऊ बरणीचं झाकण लावून हळूच निघून गेले. त्सोन्का म्हणाली, "चांगला निघालाय," आणि स्तोयमेनला कळेना की हे दांड्याबद्दल आहे की कशाबद्दल. दोघांनी मिळून तिच्या पिंपाचं पाणी खालीवर केलं. तो ओतत होता, ती चाखत होती.

"मीठ?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे."

त्या संध्याकाळी इमारतीत बातमी फुटली. गीनामावशींनी दोन्ही बरण्या बेसिनमध्ये ओतल्या आणि वाटी घेऊन त्सोन्काच्या दारात आल्या. त्सोन्काने त्यांना तीन मिनिटं दारात उभं ठेवलं, मग वाटी भरून दिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भंगारवाला आला. मोटरसायकल स्तोयमेनने स्वतःच ढकलत रस्त्यापर्यंत नेली, घोंगडीसकट.

दांडा त्याने ठेवून घेतला. तो आता न्हाणीघरात, टबच्या वरच्या भिंतीत, चार स्क्रूंनी बसवलेला आहे. उठताना त्सोन्का त्याला धरते.