गोड्या पाण्याचा अर्ज

अकोल्याच्या कचेरीत कमलाकांतराव अर्जनवीसांनी लिहिलेला एकही अर्ज आजवर नामंजूर झाला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगत, त्यामुळे ती विसरायची कोणाची टाप नव्हती.

म्हणूनच अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात घरमालक नत्थुजींनी भाडं दहाचं पंधरा करायचं काढलं, तेव्हा कमलाकांतराव जराही डगमगले नाहीत. नत्थुजी तेल्हाऱ्याचे कपाशीवाले शेतकरी, सरळ आणि रोखठोक माणूस. कमलाकांतरावांनी त्यांना बाजेवर बसवून कायदा समजावला. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय मालकाला भाडं वाढवता येत नाही आणि भाडेकरूला काढताही येत नाही. परवानगी हवी तर रीतसर अर्ज करावा लागतो, आणि तो चांगला लिहिलेला असावा लागतो. शेवटचं वाक्य त्यांनी जरा ठसक्यातच सांगितलं. नत्थुजींनी मान डोलावली, कमलाकांतरावांच्या पत्नी कुंदावहिनींच्या हातचा चहा घेतला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली, भर गर्दीत, नत्थुजी कमलाकांतरावांच्या लिहायच्या पेटीपुढे येऊन बसले.

"लिवा."

"काय लिहू?"

"भाडं वाढवाचा अर्ज. तुमीच तं म्हनलं, चांगला लिवलेला पाह्यजे. मंग दुसऱ्याजवळ काहून जाऊ?"

"अहो नत्थुजी, पण भाडेकरू मीच आहे!"

"असा ना. घर मायं, अर्ज माया. लिवनाऱ्याचं त्यात काय जाते?"

शेजारच्या पेटीवरचे रामराव अर्जनवीस कान टवकारून बसले होते. आपण नाही म्हटलं तर हे गिऱ्हाईक तिकडे जाणार, आणि कमलाकांतराव घाबरले अशी आवई उठणार, हे कमलाकांतरावांना कळून चुकलं. अर्ज मुद्दाम लेचापेचा लिहायचा असं मनाशी ठरवून त्यांनी टाक उचलला.

पण टाक हातात आला की त्यांना आवरणं त्यांच्याही हातात नसे. दुसऱ्याच ओळीला त्यांना रंग चढला. घराला 'एक थेंबही न गळणारे छप्पर' मिळालं, न्हाणीला 'दगडी फरशी' मिळाली, आणि अंगणात 'बारमाही गोड्या पाण्याची विहीर' आली. खरं तर पावसाळ्यात त्या घरात पाच भांडी मांडावी लागत. न्हाणीत चिखल होता. आणि विहिरीचं पाणी त्या खारपाणपट्ट्यातल्या इतर विहिरींसारखंच, इतकं खारं की त्यात डाळ शिजत नसे. नत्थुजींनी अर्ज वाचायला लावून ऐकला, डोळे पुसले, "असं घर असन तं म्या स्वतःच राह्यलो असतो" असं म्हणून अंगठा केला आणि ठरलेली मजुरीही मोजून दिली.

घरी आल्यावर कमलाकांतरावांनी हिशोब मांडला. त्यांच्या मिळकतीत महिन्याला पाच रुपये जास्तीचे म्हणजे हे घर सोडून कुठेतरी गावाबाहेर जाणं. अर्जाला उत्तर द्यायला चार दिवस बसले, पण स्वतःचाच अर्ज त्यांना कुठे खोडता येईना. शेवटी कुंदावहिनींनी अर्जाची नक्कल मागून घेतली, चुलीपुढे बसून दोनदा वाचली आणि सुनावणीला आपणही कचेरीत येणार असं सांगितलं.

कंट्रोलर साहेबांनी अर्ज कौतुकाने वाचला. मग चष्म्यावरून कमलाकांतरावांकडे पाहून विचारलं, "घराचं हे वर्णन खरं आहे का?"

झालं! खोटं म्हणावं तर आपलाच अर्ज आपल्या तोंडाने खोटा पडतो. खरं म्हणावं तर पंधरा रुपये बोकांडी बसतात. तेवढ्यात कुंदावहिनी डोक्यावरचा पदर सावरून पुढे झाल्या.

"अर्जातला शब्द न् शब्द बरोबर आहे, साहेब. फक्त त्यातलं काही घरात अजून आलेलं नाही. ते आलं की आम्ही आनंदाने पंधरा देऊ."

साहेब हसले. त्यांनी नत्थुजींना विचारलं. नत्थुजी छाती पुढे काढून म्हणाले, "माया अंगठा हाय त्याच्यावर. लिवलं हाय तं करून देतो." साहेबांनी अर्ज मंजूर केला. वर्णनाप्रमाणे सर्व सोयी झाल्याच्या दिवसापासून भाडं पंधरा, तोवर दहा.

नत्थुजी शब्दाचे पक्के. पावसाळ्याआधी छपरावरचे सगळे कवेलू बदलले. न्हाणीला शहाबादी फरशी बसली. मग विहीर चार हात खोल केली, पाणी भरपूर लागलं, आणि आधीपेक्षा खारं लागलं. पुढच्या वर्षी आणखी दोन हात खणली. कुंदावहिनी त्यांना दर खेपेला मनापासून जेवू घालत आणि भाड्याचे दहा रुपये पहिल्या तारखेला हातावर ठेवत. मंजूर अर्ज चौकटीत घालून कमलाकांतरावांनी भिंतीवर टांगला होता, पण कोणी त्याची तारीफ केली की ते हळूच आतल्या खोलीकडे बोट दाखवत. असली बायको मिळायला नशीब लागतं, असं ते खुद्द रामरावांनाही सांगून आले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात नत्थुजी पुन्हा कडुनिंबाखाली येऊन बसले.

"भाऊ, एक अर्ज लिवून द्या. विहिरीचं पानी गोड करावं म्हनून."

"तो कोणाला उद्देशून लिहायचा?"

"ते तुमी पाहा. तुमचा अर्ज कोनी नामंजूर करत नाही."

कमलाकांतरावांचा हात सवयीने टाकाकडे गेला. मग ते थबकले, म्हणाले, "थांबा, आधी घरी विचारून येतो."