चौदावी सुई

बुधवार, १२ मार्च २०२५. आकाश निरभ्र. दुपारी छत्तीस अंश. वारा नावालाही नाही.

उद्या शिमग्याची पालखी. आमच्या वाडीत पहिला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, आणि माझा उजवा हात दोन महिने खांद्याच्या वर जात नाही. (शर्टाच्या बाहीत हात बायको, विमला, घालून देते. भावकीत हे कोणाला ठाऊक नाही, असं मी समजतो.) चुलतभाऊ महिपत रोज संध्याकाळी तब्येत विचारून जातो. इतकी माया त्याने गेल्या वीस वर्षांत केली नव्हती.

म्हणून मिरजोळ्याला अलफिया मॅडमकडे चिनी पद्धतीच्या सुया टोचून घेतो. आज पाचवी खेप. पालथा झोपलो आणि सवयीने प्रत्येक टोच मोजली. चौदा. अर्ध्या तासाने मॅडम सुया काढून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकू लागल्या. प्रत्येक 'टिक' मोजली. तेरा.

तिथेच बोलायला हवं होतं. पण (मी भिडस्त माणूस) "थँक्यू" म्हणून घरी आलो.

"एक आत राहिली," विमलाला सांगितलं.

"काय राहिली?"

"सुई!"

तिने शर्ट वर करून टॉर्च मारला. मग फ्रिजवरचा चुंबकाचा मोदक आणून पाठभर फिरवला. कुठेच चिकटला नाही.

"खोल शिरली असंल." ओटीवरून आवाज. महिपत! "सुई अंगात फिरते म्हणतात. थेट काळजात जाते. दादा, तू पडून ऱ्हा. उद्याचा खांदा मी बघतो."

"माझ्या काळजाचं मी बघतो," म्हणालो, आणि विमलाला घेऊन रिक्षाने परत मिरजोळे गाठलं.

मॅडमनी सुयांची रिकामी पाकिटं टेबलावर मांडली. तेरा.

"अहो मॅडम, चौदावी टोचलीत ना! मागे, मधोमध!"

"कुठे, काका?"

"ही इथे!" मी बोट टेकवूनच दाखवलं.

मॅडम वाकल्या. "इथे डास चावलाय."

विमला मात्र पाठीकडे बघतच नव्हती. "अहो, हात बघा तुमचा! कुठे गेलाय!"

उजवा हात डोक्यावरून मागे, पार पाठीवर पोचला होता. तो खाली घेण्याचा मला धीर होईना. पुन्हा वर जाईल याचा काय भरवसा?

"घ्या खाली," मॅडम म्हणाल्या. घेतला. पुन्हा नेला. गेला! विमलाने पदराने डोळे टिपले, आणि मग घर येईपर्यंत "डास!" म्हणून हसत राहिली. रिक्षावालासुद्धा हसला. (त्याला तिने सगळं सांगितलं.)

शुक्रवार, १४ मार्च. ऊन कडक, संध्याकाळी खारा वारा. काल पालखीला पहिला खांदा मी दिला. चार मिनिटे नाचवली. पाचव्या मिनिटाला डावा घोटा मुरगळला. पुढे महिपतने नाचवली. अलफिया मॅडमनी मंगळवारी साडेदहाची वेळ दिली आहे. सुया विमला मोजणार आहे.