सगळ्यांची नावं दिसली पाहिजेत

मुलगी आचलच्या लग्नपत्रिकेचा नमुना पाहायला प्रभाकरराव धाकट्या भावाला, श्रावणला, सेलूच्या नंदिनीच्या टायपिंगच्या दुकानात मुद्दाम घेऊन आले होते. वाटणीवरून रुसलेला श्रावण कालच लग्नाला यायला तयार झाला होता. अट एवढीच, की त्याचं नाव मोठ्या भावाच्या बाजूला हवं. मुलीची आई सुलोचनाबाई आणि मामा प्रेमदासही सोबत होते.

नेमका त्याच सकाळी नंदिनीने, चित्र अधिक स्वच्छ दिसावं म्हणून, कॉम्प्युटरमध्ये नवा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, घातला होता. चित्र स्वच्छ झालं नाही, मोठं झालं. इतकं, की पडद्यावर पत्रिकेचा डावा तुकडाच मावत होता. चित्राचा आकार ठरवणारं रिझोल्यूशन बदलायची खिडकी उघडत होती, पण तिचं 'ओके' बटणही पडद्याच्या खाली गेलं होतं.

"माह्यं नाव कुठी हाय?" श्रावणने विचारलं.

"उजवीकडे हाय, काका." नंदिनीने पत्रिका सरकवली. पडद्यावर श्रावण आला, प्रभाकरराव गेले.

"पाहा दादा! मी आलो का तुमी जाता. बाजूबाजूले म्हनलं होतं ना?"

"बाजूलेच हाय, काका. पडदा लहान पडून राह्यला."

"टीव्हीएवढा पडदा अन् लहान?" प्रेमदास म्हणाले. "अन् मामाचं नाव काऊन नाई? मामा का भांडे घासाले येऊन राह्यला?"

नंदिनीने नागपूरला नवऱ्याला, अश्विनला, फोन लावला.

"टॅब दाबत जा, मंग एंटर मार."

न दिसणाऱ्या बटणांत एंटर दर वेळी 'कॅन्सल'वरच पडत होता. श्रावण चपला शोधू लागला.

"बाई, सगळे नावं यवढ्यातच बसवा!" प्रभाकरराव घाबरून म्हणाले. "मशीन मंग दुरुस्त करजा. हा एकदा उठला तं परत बसत नाई."

नंदिनीने गणपती बारीक केला. श्रावणचं नाव प्रभाकररावांना चिकटवलं. मग पलीकडून नवरदेव अंकितचं नाव कापलं. ते अलीकडे चिकटवणार, तोच प्रेमदास ओरडले, "पह्यले मामा!" तिने घाईने मामांना कापून आणलं.

श्रावण परत बसला. "आता जमलं. छापा."

तेवढ्यात अश्विनचाच फोन आला. त्याने सांगितलेल्या तीन कळा दाबून, बाणाची कळ वापरताच खिडकी वर सरकली आणि 'ओके' बटण दिसलं. पडदा एकदा काळा झाला, आणि अख्खी पत्रिका समोर आली. डाव्या कोपऱ्यात नातेवाइकांची गर्दी, उजवीकडे मोकळं मैदान.

सुलोचनाबाई पुढे वाकल्या.

"आपल्या आचलचं लगन कोनासंग हाय?"

कॉम्प्युटर एका वेळी कापलेली एकच गोष्ट लक्षात ठेवतो. मामांना कापलं त्याच क्षणी, आधी कापलेला आणि कुठेच न चिकटवलेला नवरदेव पुसला गेला होता.

श्रावण कितीतरी दिवसांनी हसला. "दादा, माह्यं नाव काढा, नवरदेवाचं टाका. मी तं येतोच."

प्रभाकररावांचे डोळे भरून आले. प्रेमदासांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"मंग हे रिकामी झालेली जागा मामाले."