रंगमंचाकडील निम्म्या मुलखाची मोहीम

हुजुरांनी पुसिले की, सभागृहाचा रंगमंचाकडील निम्मा मुलूख ऐन हंगामात आरक्षणातून कैसा वगळला आणि कैसा राखिला. त्याजवरून जे घडले ते, पदरचे फार थोडे घालून, लिहितो ऐसे.

सभागृहाच्या कचेरीत राजमान्य आरक्षणबाई संगणकापुढे बसून तारखांचा कारभार पाहात. त्यांचे तीर्थरूप लाकडी जमिनीस पॉलिश करणारे नामांकित उस्ताद. वय जाहले, गुडघे फितूर जाहले, म्हणोन ही एवढी जमीन करून हत्यारे खाली ठेवावी ऐसा त्यांचा निश्चय. मग रंगमंचाकडील झिजलेली निम्मी जमीन त्यांनी रांगत रांगत आरशासारखी केली आणि वाळेपर्यंत कोणी पाऊल घालू नये ऐसी ताकीद दिली. परंतु सचिवसाहेबांचे सक्त फर्मान की, सभागृह बंद दिसता कामा नये.

मग बाईंनी मसलत केली आणि त्या मुलखावर 'पाहुणे मंडळ' या नावे खोटेच आरक्षण टाकिले, की जागा भरलेली दिसावी आणि कोणी फिरकू नये. मसलत नामी. परंतु खुर्चीवाला मोठा इमानी. त्याने संगणकाच्या पडद्यावर आरक्षण पाहिले आणि कोणास न पुसता खुर्च्यांची अवघी फौज ओल्या पॉलिशवर रांगेने उभी केली, आणि पाहुणे येईनात म्हणोन वाट पाहात तेथेच येरझाऱ्याही घातल्या. खुर्च्या उचलू जाता चिकटल्या. मुलखाची दैना जाहली. बाईंचे तोंड एवढेसे जाहले, कारण घाव बापाच्या गुडघ्यांवर बसला होता आणि तो आपल्याच हातचा.

उस्ताद रागावले नाहीत. पुन्हा घासले, पुन्हा पॉलिश केले, आणि भिंतीस धरून उठताना एवढेच म्हणाले, "पोरी, तिसऱ्यांदा नाही गं जमायचं आता."

ते समयी बाईंनी खोटेपणा सोडिला आणि संगणकाच्या पार तळाशी, आजवर कोणी न दाबलेले एक बटण शोधिले: 'जागा तात्पुरती मर्यादित करा'. मग सभागृह उघडेच दिसे, मागील निम्मे मिळे, आणि पुढील निम्मे कोणास दिसेचना. मुदत गुरुवार सकाळची घातली, आणि आडवी दोरीही बांधिली, कारण खुर्चीवाल्याच्या इमानाचा धसका होता.

मग नृत्यशिक्षिका शिष्यांचे दळ घेऊन चालून आल्या आणि निम्माच मुलूख पाहोन संतापाने कचेरीत शिरल्या.

"अर्ध्या हॉलात गिरक्या कशा घ्यायच्या हो?"

"छोट्या घ्या," आरक्षणबाई म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

फिर्याद सचिवसाहेबांकडे गेली. ते जातीनिशी आले, पडद्यावर सभागृह उघडे दिसले, फर्मान शाबूत दिसले, मग चहा घेऊन परत गेले. गिरक्या छोट्या जाहल्या.

गुरुवारी जमीन वाळली आणि ऐसी लखलखली की छताचे दिवे खाली उतरले. बाईंनी मर्यादा उठवण्यास हात नेला, थांबल्या, आणि मुदत संध्याकाळपर्यंत वाढविली. कारणाच्या रकान्यात 'पाहणी' ऐसे लिहिले.

पाहणीस उस्ताद आले. जोडे दाराशी ठेविले. लेकीने दोरी सोडिली, हात दिला, आणि त्या जमिनीवर पहिले पाऊल त्यांचे पडले. मधोमध उभे राहोन खाली पाहिले तो डोळे भरून आले. मग लेकीवाचून कोणी पाहात नाही ऐसे जाणोन, गुडघ्यांस न पुसता, त्यांनी एक गिरकी घेतली. मोठी.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख आरक्षणास खुला केला, त्यावर डाग एकही नाही, आणि गिरकीची नोंद संगणकात कोठेही नाही.