आत्याच्या लोणच्याचं विसर्जन

घरातली नको झालेली वस्तू बाहेर काढायची, तर त्यात काय मोठं? मी ठाण्याच्या कचेरीत कारकून आहे. साहेबाला नको असलेले अर्जदार मी असे बाहेर काढतो, की ते जाताना मलाच नमस्कार करून जातात. तेव्हा एक मडकंभर नासलेलं लोणचं म्हणजे माझ्या दृष्टीने अगदीच किरकोळ काम होतं. गोदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तसं म्हणूनही दाखवलं. ती नुसती मडक्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

लोणचं माझ्या आत्याचं. आवडाबाई तिचं नाव. आईमागे मला तिनेच वाढवलं. आधी ती इथे ठाण्यात आमच्याच आळीत राहायची, नंतर दिरांकडे कल्याणला गेली. तिच्या लोणच्याचं नाव कल्याणात घरोघर आहे. लग्नकार्य असलं की लोणचं घालायला आवडाबाईंना बोलावणं जातं. आमच्याकडे दरवर्षी मोठी चिनी मातीची बरणी भरून येते. या खेपेला मात्र काय बिनसलं कोण जाणे, लोणच्याला पाणी सुटलं, वर बुरशी धरली, आणि बरणीचं झाकण उघडलं की शेजारच्या भिंतीवरच्या पाली जागा सोडून जाऊ लागल्या.

रविवारी मी कल्याणला गेलो होतो. निघताना आत्या म्हणाली, "हरी, मंगळवारी दुपारच्या गाडीने मी ठाण्याला येत्येय. कैऱ्या आल्यात. बरणी रिकामी करून ठेव, घेऊन जाईन. लोणचं संपलं ना?"

"कधीच संपलं," मी म्हणालो. "गोदा तर बोटं चाटत होती."

आता हे टाकायचं कुठे? घरामागचा उकिरडा आळीचा, सगळ्यांचा. शेजारच्या रंगूकाकूंची लेक कल्याणला आत्याच्याच गल्लीत दिलेली. उकिरड्यावर कैरीची एक फोड जरी दिसली असती, तरी ती बातमी माझ्याआधी कल्याणला पोचली असती. परसात पुरावं तर घरमालक खड्डा कशाला म्हणून विचारणार. गाईपुढे ठेवून पाहिलं. तिने हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर ती आमच्या दारावरून जाणं सोडून पलीकडच्या बोळाने जाऊ लागली. तळ्यात काही टाकायला मनाई. राहिली कोपरीची खाडी.

मंगळवारी सकाळी गोदाने लोणचं एका मडक्यात काढलं आणि तोंडावर माझ्या जुन्या धोतराचं पांढरं फडकं बांधलं. खाडीच्या चिखलात जोडा खराब होईल म्हणून मी अनवाणी निघालो. नुकती आंघोळ झाली होती, तेव्हा अंगावर धूतवस्त्र आणि उपरणं एवढंच. मडकं छातीशी धरलं होतं. फडक्यातून मोहरीचा आणि आणखी कशाकशाचा असा झणका येत होता, की दाराबाहेर पडेपर्यंत माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

ओट्यावर विश्रामपंत बसले होते. रंगूकाकूंचे यजमान. पेन्शनीत निघालेले, मनाने फार मऊ. मला पाहून ते उठून उभे राहिले.

"हरिहर," त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कुणाचं रे?"

मी दचकलो. म्हटलं, यांना वास आला. आता लपवण्यात अर्थ नाही.

"आत्याचं," मी म्हणालो. "कुणाला सांगू नका."

"अरेरे. काय झालं होतं?"

"पाणी झालं होतं," नाक पुसत मी म्हणालो. "आतून सगळं पाणीच पाणी."

"जलोदर," विश्रामपंत म्हणाले आणि त्यांनी डोक्याचा रुमाल काढला. "रविवारी तू कल्याणला गेलेलास, ते यासाठीच म्हणायचं. मला कसं कळलं नाही."

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडलं. पण विश्रामपंतांच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. ते म्हणत होते, "मला तापात आवडाबाईंनी पेज करून दिली होती रे. रोज. परकी असून." असल्या माणसाला 'अहो, हे लोणचं आहे' हे कसं सांगायचं, याचा मी विचार करू लागलो, आणि माझा विचार पुरा होण्याआधी ते घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? आवडाबाई गेल्या. तू हरिहरकडे जा, गोदा एकटी आहे."

आळीत तीन-चार खिडक्या उघडल्या. आता खरं सांगायचं तर ते सगळ्या आळीला सांगावं लागणार होतं. मी मान खाली घातली आणि चालू लागलो. विश्रामपंत माझ्यामागे आले. वाटेत त्यांनी विठ्ठलभटांना हाक मारली. भटजी पूजा आटोपती घेऊन पळी-पंचपात्रासह आले. रेल्वेचे रूळ ओलांडून कोपरीत शिरलो, तेव्हा आमच्यामागे बरीच मंडळी होती. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हतो.

"कल्याणला खाडी असताना इथे कशाला?" भटजींनी विचारलं.

"तिचे चांगले दिवस या आळीत गेले," माझ्या वतीने विश्रामपंत म्हणाले. मी मान हलवली. एकदा खोट्याला मान हलवली की मग ती मान आपली आपणच हलत राहते, हे मला त्या दिवशी समजलं.

किनाऱ्यावर गुणाजी कोळ्याची होडी होती. आम्हाला पाहून त्याने जाळं बाजूला केलं. "बसा. भरती हाय, मधी नेतो," एवढंच तो म्हणाला. होडीत मी, विश्रामपंत आणि विठ्ठलभट. बाकीचे काठावर हात जोडून उभे राहिले.

मध्यावर आल्यावर भटजी म्हणाले, "फडकं सोडा."

"नको," मी म्हणालो.

"तोंड मोकळं करायला हवं."

"आत्याची इच्छा होती," मी म्हणालो, "की तोंड झाकलेलंच असावं."

"किती मर्यादशील बाई," विश्रामपंत म्हणाले आणि त्यांना हुंदका आला.

भटजींनी मंत्र म्हटले. मी मडकं पाण्यात सोडलं. ते बुडालं नाही. चांगली गोल गिरकी घेऊन पुन्हा होडीला येऊन टेकलं. गुणाजीने वल्ह्याने दाबलं. ते आत गेलं आणि पलीकडून वर आलं. भटजींनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून धरला. मडकं आमच्याभोवती फिरत राहिलं. नाकाला उपरणं लावून भटजी माझ्याकडे संशयाने पाहू लागले होते.

"काही इच्छा मागे राहिली असेल," विश्रामपंत कुजबुजले. "शब्द दे त्यांना."

मी हात जोडून मडक्याला म्हणालो, "आत्या, मी गोदाला नीट सांभाळीन."

मडकं तरंगत होतं.

"आत्या, तुझं वर्षश्राद्ध करीन."

मडकं आणखी जवळ आलं. तेवढ्यात मला आठवलं, की आत्या दुपारच्या गाडीने ठाण्याला उतरणार आहे. जिची मी समजूत काढत होतो, ती थोड्याच वेळात माझ्या दारात उभी राहणार होती. माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं, "आत्या, तुझी बरणी घासूनपुसून परत देईन."

मडक्यातून बुडबुडे आले आणि ते सरळ तळाला गेलं.

"बरणी?" भटजींनी विचारलं.

"तिची एक बरणी आहे आमच्याकडे."

"बघा," विश्रामपंत डोळे पुसत म्हणाले, "माणसाचा जीव कशात अडकेल, सांगता येत नाही."

इकडे घरी निराळाच प्रकार झाला होता. रंगूकाकू आल्या, गोदाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "गेल्या गं बाई. सुटल्या."

गोदा चूल सारवत होती. तिला 'गेलं' आणि 'सुटलो' एवढंच कळलं. तिला वाटलं, मी वाटेत यांना सगळं सांगून टाकलं.

"हो ना," ती म्हणाली. "सुटलो एकदाचे. घरात बसवत नव्हतं हो. किती दिवस झाकून ठेवायचं? वर बुरशी धरलेली."

रंगूकाकू भिंतीला टेकून बसल्या. मग उठून बाहेर गेल्या आणि अंगणात जमलेल्या बायकांना काहीतरी बोलल्या. त्यानंतर पिठलं-भात घेऊन आलेल्या बायका तो गोदाच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवू लागल्या.

मी घरी पोचलो तेव्हा हे असं होतं. अंगणात बायका, ओट्यावर पुरुष, आत गोदा हातात पिठल्याचं पातेलं घेऊन विचारतेय, "अहो, लोणचं टाकलं म्हणून लोक जेवण का आणून देतायत?" मी तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. "आणि मी काय बोलले त्यांना," ती म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून घेतलं. मला त्याहून जास्त लपायचं होतं, पण मला पदर नव्हता.

"आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि खरं सांगा," गोदा म्हणाली.

"सांगतो," मी म्हणालो. "शब्द जुळवतोय."

मी शब्द जुळवत असतानाच अंगणातला आवाज एकाएकी थांबला. मग एकटीचा आवाज आला. ओळखीचा.

"कोण गेलं?"

बायका भिंतीला चिकटल्या होत्या. आत्याने उंबऱ्यावरचा पिठलं-भात पाहिला. ओट्यावर उघड्या डोक्याने बसलेले विश्रामपंत पाहिले. आणि हातातलं गाठोडं टाकून ती खालीच बसली.

"माझा हरी," ती म्हणाली. "रविवारी धडधाकट होता हो. माझ्या हातचं जेवून गेला."

ती रडली ते मी आतून ऐकलं. तसं कुणी माझ्यासाठी रडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते ऐकण्याची माझी लायकीही नव्हती. मी धावत बाहेर आलो. "आत्या, मी आहे. मला काही झालं नाही."

तिने माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवून पाहिला. मग माझा कान धरला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तिथे मी सगळं सांगितलं. बुरशीपासून बुडबुड्यांपर्यंत. मला वाटलं, आता ती चुलीतलं लाकूड उचलणार. ती पाटावर बसली.

"मीठ कमी पडलं होतं?" तिने विचारलं.

"असेल."

"हल्ली नीट दिसत नाही रे मला," ती म्हणाली. "अंदाजाने घालते. कल्याणात कुणाला सांगितलेलं नाही." मग पदराने डोळे कोरडे करून ती उठली. "मी मेले म्हणून सांगितलंस, ते एक वेळ चालेल. पण माझं लोणचं नासलं, हे जर त्या रंगूला कळलं, तर पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

आम्ही बाहेर आलो. विश्रामपंत उठले. त्यांना सुचेना आत्याच्या पाया पडावं की दूर सरावं.

"हरिहर," ते म्हणाले, "मी विचारलं कुणाचं, तू म्हणालास आत्याचं. मग सकाळी आपण खाडीत कुणाला पोचवलं?"

मी आत्याकडे पाहिलं.

"मांजर," आत्या म्हणाली. "माझं होतं. पोटात पाणी झालेलं. वैद्याला दाखवायला म्हणून रविवारी हा इकडे घेऊन आला. हळवा आहे लहानपणापासून, त्यालाही आत्याच म्हणायचा."

"तुमच्याकडे मांजर कधी होतं?" रंगूकाकूंनी विचारलं.

"होतं," आत्या म्हणाली. "आता नाही."

विठ्ठलभटांना सगळं कळायला थोडा वेळ लागला. "मी मांजरासाठी मंत्र म्हटले," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि तेही पुन्हापुन्हा." ते तडक तळ्याकडे आंघोळीला गेले. एकेक बाई उंबऱ्यावरचं आपापलं भांडं उचलून चालती झाली.

विश्रामपंत तेवढे मागे राहिले. रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी रुमाल डोक्याला बांधला, आत्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "आवडाबाई, तुम्ही आहात ना, मग झालं." मला वाटलं, ओट्याखाली फट असती तर मी तिच्यात शिरलो असतो.

आत्या बरणी घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेली. त्या दिवसापासून आळीत माझं नाव मांजरवाले हरिहरपंत पडलं. कचेरीतही ते पोचलं. हल्ली अर्जदार जाताना नमस्कार करत नाहीत, नुसते हसतात. तेही मी सोसलं असतं.

पण पुढच्या आठवड्यात विश्रामपंत उपरण्यात काहीतरी झाकून घेऊन आमच्याकडे आले. उपरणं उघडलं, तर आत मांजराचं पिवळट पिल्लू.

"गुणाजीकडून मागून आणलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू किती रडलास ते मी पाहिलंय, हरिहर. लोक हसतात, हसू देत. जीव तो जीव."

त्यांना काय सांगणार? मी पिल्लू घेतलं. मांजर घरात ठेवायचं तर मी निघून जाईन, असं गोदा लग्नाच्या दिवसापासून सांगत आली आहे. ते पिल्लू आता चांगलं मोठं झालंय. दुधात तोंड घालतं, दह्यात तोंड घालतं, अंथरुणावर माझ्या उशीला डोकं ठेवून झोपतं. त्याला बाहेर काढण्याची माझी टाप नाही, कारण विश्रामपंत रोज संध्याकाळी त्याला बघायला येतात. त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि मला हळूच विचारतात, "आता दुःख कसं आहे?"

मी जमिनीकडे बघत म्हणतो, "थोडा उतार आहे."