कुरव पक्ष्यांविरुद्ध तक्रार

कल्पना करा, मुलांनो. डिसेंबरची पाच तारीख आहे. लिंझ गावी डॅन्यूब नदीच्या धक्क्याला एक लांबट पांढरी बोट लागली आहे. तिचं नाव ‘एरिका’. बाहेर इतकी थंडी, की नदीतून वाफा निघताहेत. आणि बोटीतल्या बारा नंबरच्या खोलीत एक आठ वर्षांची मुलगी पलंगाखाली पालथी पडली आहे. काही केल्या बाहेर यायला तयार नाही. केलीत कल्पना? तिचं नाव रोझा. ती पलंगाखाली का गेली, ते आता सांगतो.

रोझा तिच्या ओमा आणि ओपांबरोबर, म्हणजे आजीआजोबांबरोबर, पासाऊहून व्हिएन्नाला निघाली होती. वाटेत गावोगावचे नाताळचे बाजार बघायचे आणि शेवटी ओमाच्या बहिणीकडे उतरायचं, असा बेत. बहिणीसाठी ओमानं व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यात घेतली होती. थंडीच्या दिवसांत असा डबा कोणी खोलीच्या उबेत ठेवत नाही. बाहेर छज्ज्यात ठेवतात. ओमानंही तिथंच ठेवला. त्या दिवशी सकाळी झाकण उघडून बघते, तर डबा अर्धा!

“हे कुणी केलं?” ओमानं विचारलं.

काचेपलीकडे कठड्यावर एक पांढरा कुरव पक्षी पिसं साफ करत बसला होता. रोझाच्या तोंडून निघून गेलं, “त्यानं!”

“झाकण लावलेल्या डब्यातून?”

“तो फार हुशार आहे, ओमा.”

“आणि खाऊन झाल्यावर झाकण पुन्हा लावलं त्यानं?”

रोझा पलंगाकडे सरकली. पण ओपा लगबगीनं पुढे आले. “का नाही लावणार? कुरवांचं तू मला नको सांगूस, हेर्मिने. चोच म्हणजे नुसती पक्कड असते त्यांची! थांब, मी आत्ताच्या आत्ता लेखी तक्रार देतो.”

ओपांची सगळी नोकरी टपाल खात्यात गेलेली. त्यांनी दोन पानं भरून तक्रार लिहिली आणि ती बोटीच्या व्यवस्थापक बाई फ्राऊ श्टाडलबाउअर यांच्या हातात दिली. बाईंनी ती कप्तानांना दिली. कप्तान शिस्तीचे. त्यांनी बोटीचा वरचा मजला बंद केला आणि एका खलाशाला पातेलं आणि डाव देऊन तिथं उभं केलं. कुरव दिसला, की त्यानं पातेलं बडवायचं.

बातमी पसरली तशी इतरांनाही आठवायला लागलं. एका बाईंचा हातमोजा सापडत नव्हता, कुरवांनी नेला. एका गृहस्थांचं अर्धं सॉसेज गेलं होतं, कुरवांनीच. दुपारपर्यंत त्या पाखरांच्या नावावर सात चोऱ्या जमा झाल्या. पुलाखालून जाताना वरच्या मजल्यावर उभं राहून, पूल डोक्याला लागतोय की काय म्हणून ओरडायचं, हा मुलांचा सगळ्यात आवडता खेळ. तोही बंद. मुलं हिरमुसली. वर पातेलं वाजतच होतं.

तरीही रोझानं दम धरला असता. पण त्या संध्याकाळी, नाताळाआधी मुलांना खाऊ वाटायला येतात ते निकोलाउसबाबा यायचे होते. उंच टोपी, पांढरी दाढी, हातात काठी आणि काखेत सोनेरी वही. त्या वहीत प्रत्येक मुलाचं बरंवाईट सगळं लिहिलेलं असतं, आणि बाबा ते चारचौघांत वाचून दाखवतात. त्यांना सगळं ठाऊक असतं. बिस्किटांचंसुद्धा.

म्हणून रोझा पलंगाखाली होती.

पाच वाजत आले तसा तिनं विचार केला, की लपण्यापेक्षा बाबांना वाटेतच गाठावं आणि माझं पान तेवढं वाचू नका म्हणून सांगावं. ती हळूच बाहेर पडली.

आता गंमत अशी, की दुपारी ‘एरिका’ पाणी भरायला गेली, तेवढ्यात तिची जागा तिच्याच कंपनीच्या ‘एडेल’नं घेतली. मग ‘एरिका’ बाहेरच्या अंगाला, ‘एडेल’ला खेटून बांधली. असं तिथं नेहमी होतं. बाहेरच्या बोटीतल्या लोकांनी आतल्या बोटीतून चालत धक्क्यावर जायचं. दोन्ही बोटींचे गालिचे सारखे, दिवे सारखे. आणि निकोलाउसबाबांना, म्हणजे अग्निशामक दलातून निवृत्त झालेल्या प्रोल आजोबांना, एवढंच सांगितलं होतं: “धक्क्यावरून सरळ बोटीत शिरा.” ते सरळ शिरले, ते ‘एडेल’मध्ये.

‘एडेल’वर एकही मूल नव्हतं. श्टायर गावचं म्हाताऱ्यांचं गायक मंडळ होतं, आणि सोबत त्यांची पियानो वाजवणारी बाई. रोझा पोचली तेव्हा बाबांनी वही उघडलेली होती. ती दिवाणखान्यातल्या नाताळच्या झाडामागे लपली.

दाढीतून वाफ येऊन बाबांचा चष्मा पार धुरकटला होता. त्यांना वहीतली मोठी अक्षरं तेवढी दिसत होती. समोर कोण बसलंय ते नाही.

“आन्टोन!” त्यांनी घोगऱ्या आवाजात पुकारलं.

तिकडे हल्ली नातवंडांना पणजोबांची नावं ठेवायची टूम आहे. त्यामुळे ‘एरिका’वर सहा वर्षांचा आन्टोन होता, आणि ‘एडेल’वर अडुसष्ट वर्षांचा. तो उठून उभा राहिला.

“आन्टोन, तू स्वतःचे मोजे स्वतः उचलत नाहीस.”

आन्टोनचे कान लाल झाले. “बायकोनं कळवलंय हे! दुसरं कुणाला माहीत असणार?”

“माझीसुद्धा यात असणार,” शेजारचा पुटपुटला. “सकाळीच फोनवर हसत होती.”

“एमिल! पत्त्यात हरलास की पत्ते फेकतोस.”

“फेकतो! फेकतो!” अख्खं मंडळ ओरडलं. एमिल, वय बहात्तर, खाली मान घालून म्हणाला, “फेकतो, बाबा. आता नाही फेकणार.”

“शाब्बास. हे संत्रं घे. व्हॅलेन्टिन! रात्री दिवा लावल्याशिवाय तुला झोप येत नाही.”

“येत नाही,” व्हॅलेन्टिन म्हणाला. तो मंडळातला सगळ्यात दांडगा, खर्जातला गायक. कुणीही हसलं नाही. उलट मागून एक आवाज आला, “मलाही नाही येत, व्हॅलेन्टिन.”

झाडामागे रोझा श्वास रोखून बघत होती. प्रत्येक जण उभा राहत होता, कबूल करत होता, आणि संत्रं घेऊन हलका होऊन बसत होता.

“रोझा!”

पियानोवाल्या बाई उठल्या. इकडे रोझानं डोळे घट्ट मिटले.

“रोझा, तुझ्या ओमानं लिहिलंय, की आमची रोझा कधी खोटं बोलत नाही.”

बाई जोरात हसल्या. “माझी ओमा जाऊन चाळीस वर्षं झाली, बाबा! आणि खोटं तर मी कालच बोलले. एमिलचा सूर छान लागला म्हणून सांगितलं.”

मंडळ खो खो हसत सुटलं. रोझाला मात्र हसू येईना. बिस्किटांचं लिहिलेलं असतं, तर परवडलं असतं. हे तर त्याहून वाईट होतं. ती झाडामागून बाहेर आली आणि तिनं बाबांचा झगा ओढला.

“ती रोझा मी आहे. तुम्ही चुकीच्या बोटीत आलात. चला.”

“अरेच्चा!” बाबांनी चष्मा पुसला, समोर बघितलं आणि म्हणाले, “तरीच! म्हटलं, यंदा मुलांचे आवाज फार फुटलेत.”

रोझा त्यांचा हात धरून त्यांना ‘एरिका’वर घेऊन आली. दिवाणखान्यात सगळे वाट बघत होते. बाबांनी वही उघडायच्या आत ती खुर्चीवर चढली.

“ओमा, कुरवांनी काही नाही खाल्लं. बिस्किटं मी खाल्ली. नऊ.”

 वरचं पातेलं तेवढ्यात थांबलं. ओमा उठली, जवळ आली आणि तिनं रोझाच्या गालावरून हात फिरवला. “बरं झालं सांगितलंस.” मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण नऊच? डब्यातून तर तेवीस गेलीत!”

 कोपऱ्यात ओपांनी एकदम चष्मा काढला आणि तो रुमालानं पुसायला घेतला. पुसतच राहिले.

“लुडविग?” ओमा म्हणाली.

रोझानं ओपांकडे बघितलं. मग ती खुर्चीवरून खाली उतरली, आणि ती खुर्ची ढकलत ढकलत ओपांसमोर नेऊन ठेवली.